पाडा खुशाल, पण आधी फोटो काढा!

माझा एक पुतण्या अमेरिकेत असतो. हल्ली प्रत्येकाचा कोणी ना कोणी पुतण्या अमेरिकेत असतोच, तेव्हा यात मिरवण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते पुढेच. हा पुतण्या शनिवार उजाडला की गाडी काढतो, दोन-अडीचशे मैल तुडवतो आणि कुठल्या तरी आडगावात जाऊन 'डेपो'चे फोटो काढतो. हे त्याने पहिल्यांदा फोनवर सांगितले तेव्हा आमच्या घरात काळजीचे वातावरण पसरले. आमच्याकडे डेपो म्हणजे एस.टी.चा, नाहीतर लाकडाचा. "अहो, एवढा शिकलेला मुलगा, डेपोचे फोटो कशाला काढतोय? नोकरीबिकरी शाबूत आहे ना त्याची?" असे सौभाग्यवतींनी मला बाजूला घेऊन विचारले. मीही जरा चपापलोच.

मागाहून उलगडा झाला. गावच्या छोट्या रेल्वे स्टेशनाला अमेरिकेत डेपो म्हणतात. मागच्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा फराळाचे ताट एका बाजूला आणि लॅपटॉप दुसऱ्या बाजूला ठेवून त्याने मला शे-दीडशे डेपो दाखवले. लाकडी फळ्यांच्या भिंती, चांगले हातभर पुढे आलेले छप्पर, आणि रुळांच्या बाजूला भिंतीतून पोट काढल्यासारखी बाहेर आलेली एक खिडकी. ही पोटाळ खिडकी जवळजवळ प्रत्येक डेपोला. तिथे तारमास्तर बसायचा. खुर्चीवरून न उठता रुळांच्या दोन्ही टोकांना गाडी दिसावी म्हणून ती सोय. खुर्चीवरून न उठण्यासाठी केलेले इतके सुंदर बांधकाम आपल्या एखाद्या सरकारी कचेरीला कसे सुचले नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटले.

"यातल्या पुष्कळ ठिकाणी आता गाडीच येत नाही, काका," पुतण्या म्हणाला. "काही ठिकाणी तर रूळसुद्धा नाहीत."

"मग स्टेशन कशाला ठेवलंय?" मी अस्सल देशी प्रश्न विचारला.

तर म्हणे कुठे त्याचे वाचनालय केले आहे, कुठे म्युझियम, कुठे खानावळ. आता अमेरिकन माणूस काही संत नव्हे. त्याने पाडलेलीही खूप आहेत. न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्टेशन म्हणजे एखादा राजवाडाच होता. १९६३ साली त्यांनी तोही पाडायला घेतला आणि मग गळा काढला. पण गळा काढून थांबले नाहीत, १९६५ साली न्यूयॉर्कात जुन्या वास्तू वाचवण्याचा कायदा केला. आपण फक्त पहिला भाग करतो.

पुतण्याने मग ओ. विन्स्टन लिंक नावाच्या फोटोग्राफरची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कात जाहिरातींचे फोटो काढून पोट भरणारा हा गृहस्थ. व्हर्जिनियाकडच्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवर वाफेची इंजिने आता थोड्या वर्षांची सोबती आहेत हे त्याने ओळखले आणि १९५५ ते १९६० अशी पाच वर्षे पदरचा पैसा घालून तो त्या मार्गावर फोटो काढत फिरला. बहुतेक रात्रीचे. डझनावारी फ्लॅशचे बल्ब तारांनी जोडायचे, सगळे एकदम उडवायचे आणि धावते इंजिन पकडायचे. त्याचा १९५६ सालचा एक फोटो मात्र दिवसाउजेडी काढलेला आहे. ग्रीन कोव्ह नावाचे डोंगरातले चिमुकले स्टेशन, समोर मान खाली घातलेला एक घोडा, आणि पलीकडून येणारी गाडी. बस्स, एवढेच. त्या मार्गावरचे रूळ पुढे १९७७ नंतर उखडले, पण ग्रीन कोव्हची ती लाकडी इमारत ठेवली. आणि लिंकचे फोटो लावायला रोअनोक गावात म्युझियम केले, तेही जुन्या रेल्वे स्टेशनात.

मी लॅपटॉप मिटायला सांगितला. चकली कडू लागत होती. तुम्ही म्हणाल, मत्सर. होय, मत्सरच. पण त्या मत्सराला कारण आहे आणि ते माझ्या आईपाशी जाऊन पोचते.

माझी आई १९४४ साली लग्न होऊन बार्शी लाइट रेल्वेने सासरी आली. हल्लीच्या मंडळींना बार्शी लाइट म्हणजे काय ते सांगावे लागेल. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी (धावणारी हा शब्द मी आदराने वापरतो आहे) ही नॅरोगेज गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजाने आणली. हा आधी जी.आय.पी. रेल्वेत लोको इन्स्पेक्टर होता. लहान रुळांची, हलक्या वजनाची, गरीब मुलुखाला परवडेल अशी रेल्वे का नको, हे त्याच्या डोक्याने घेतले. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, या हिशेबाने त्याने सगळी इंजिने-डबे बेतले. १८९५ साली लंडनला कंपनी काढली, १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू केली. पुढे ती पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला पोचली आणि १९२७ साली मिरजेला टेकली. सव्वातीनशे किलोमीटरचा कारभार! १९५४ साली तो सरकारने ताब्यात घेतला.

गाडीची चाल अशी होती की, पुढच्या डब्यातून उतरावे, शेतातला हरभरा उपटावा आणि मागच्या डब्यात चढावे, असे आमच्याकडचे लोक शपथेवर सांगत. गंमत पाहा, याच कॅलथ्रॉपने म्हातारपणी विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केले. 'गार्डियन एंजल' असे त्याचे नाव. म्हणजे आम्हाला सावकाश जायला शिकवून झाल्यावर त्याने माणसाला सावकाश पडायलाही शिकवले. असा माणूस इंग्लंडात झाला नसता तर पुण्यात नक्की झाला असता.

तर, आई त्या गाडीतून उतरली ते स्टेशन. गावाचे नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात. घडीव काळ्या दगडाची एकच खोली, पुढे कौलारू पडवी, पडवीत तराजू. वजनकाट्याला सारे गाव 'रेल्वेचा काटा' म्हणे, आणि वाण्याच्या काट्याबद्दल शंका आली तर पोते तिथवर आणून खरे-खोटे करी. एका खांबाला रुळाचा तुकडा टांगलेला, ती घंटा. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की पोर्टर ती बडवायचा आणि मग गाव जेवायला बसायचे, कारण अजून निवांत जेवण होईल एवढा वेळ असे. तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचा इटुकला तुकडा. मास्तर तो यंत्रात खटकन दाबून तारीख उमटवी. त्या खटक्याचा आवाज आईला शेवटपर्यंत करून दाखवता येत असे. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात माहेरी जायला निघालेली ती पोर गाडी दोन तास उशिरा म्हणून त्या पडवीत बसून राहिली आणि मास्तरांच्या बायकोने तिला गरम भाकरी आणून दिली, ही कथा आम्ही भावंडांनी किमान दोनशे वेळा ऐकली आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात नॅरोगेज टप्प्याटप्प्याने गेली, ब्रॉडगेज आली. काही ठिकाणी मार्गच बदलला. जुन्या नॅरोगेजने बाजूला टाकलेल्या धाराशिवला (तेव्हाच्या उस्मानाबादला) नव्या मार्गाने वळसा घालून गाठले. चांगले झाले. आमच्या स्टेशनाची ती दगडी खोलीही कुठल्याशा आठवड्यात गेली. कोणत्या, ते कोणालाच आठवत नाही.

२००९ साली आई ब्याऐंशी वर्षांची होती. एके दिवशी दुपारी म्हणाली, "अरे, मला त्या स्टेशनचा फोटो दाखव."

मी कपाटातून आल्बम काढले. आमच्या घरात एकूण अकरा आल्बम. बारशी, मुंजी, लग्ने, साठीशांत्या, महाबळेश्वरचा एको पॉइंट, ताजमहालाला चिमटीत धरलेले दोन मेहुणे, चतुर्शृंगीच्या पायऱ्या, घेतलेली पहिली स्कूटर, विकलेली तीच स्कूटर. स्टेशन नाही. ज्या गाडीने चाळीस वर्षे घरातले प्रत्येक माणूस आले आणि गेले, तिच्या स्टेशनाचा एक फोटो नाही! कारण उघड आहे. छत्तीस फोटोंचा रोल असे. तो जपून जपून वापरायचा. गणपतीला घातलेला रोल शिमग्याला संपे. अशा मौल्यवान रोलमधली एक फिल्म रोजच्या स्टेशनावर कोण फुकट घालवणार? रोजची गोष्ट रोज दिसतेच की.

नातेवाइकांना पत्रे टाकली. शेवटी एका मामांकडे एक फोटो निघाला. १९६८ सालचा. मामा प्लॅटफॉर्मवर उभे आहेत. मामांची प्रकृती तेव्हा चांगली होती. इतकी चांगली की त्यांच्यामागे अख्खे स्टेशन झाकले गेले आहे. डाव्या खांद्यावरून पाटीचे शेवटचे अक्षर आणि उजव्या बाजूने अर्धी आगीची बादली दिसते. आईने भिंग लावून तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "बादली तीच आहे."

मी मग एका रेल्वे कचेरीत गेलो. कुठल्या, ते विचारू नका. चौथ्या टेबलावर एका भल्या गृहस्थाने माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "जुनी इमारत? तुमची काही थकबाकी आहे का तिच्यावर?" मी म्हटले, "नाही, फोटो हवाय." "पाडलेल्या इमारतीचा?" "हो." "पाडलेल्या इमारतीचा फोटो आता कसा काढणार?" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही.

तेव्हापासून मी या प्रश्नावर भांडायचे ठरवले आहे आणि माझे भांडण तीन जणांशी आहे.

पहिले भांडण वारसावाल्यांशी. ही विद्वान मंडळी सभेत 'रेल्वेचा वारसा' म्हणाली की पडद्यावर काय येते? व्ही.टी.! आता व्ही.टी. सुंदर आहे, मान्य. स्टीव्हन्स साहेबाने ती १८८८ साली पुरी केली, २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटले. भायखळ्याचे स्टेशनही डागडुजी करून मूळ रूपाला आणले आणि २०२२ साली त्यालाही युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. आनंद आहे. पण व्ही.टी.चे फोटो काढणे म्हणजे लता मंगेशकरांचा आवाज चांगला आहे असे सांगण्यासारखे आहे. ते माहीत नसलेला कोणी उरला आहे का? व्ही.टी. कोणी पाडणार नाही, पाडू म्हणाला तर मुंबई त्याला पाडील. ढोकी, येडशी, पांगरी, शेंद्री, जत रोड, ढालगाव यांच्या बाजूने कोण बोलणार? त्यांना ना घुमट, ना दगडी सिंह, ना साहेबाचे नाव. त्यांचा नकाशा कचेरीतल्या कोणा ड्राफ्ट्समनने काढला आणि त्या एकाच नकाशावर पाच-दहा स्टेशने बांधली. म्हणून ती स्वस्त ठरतात काय? आपल्याकडची निम्मी माणसेही एकाच नकाशावर बेतलेली आहेत, तरी त्यांचे फोटो आपण काढतोच.

दुसरे भांडण फोटोवाल्यांशीच. आता खिशाखिशात कॅमेरा आहे, रोलची भीती नाही. परवा मी मुर्तिजापूरकडे गेलो होतो. तिथून अचलपूर आणि यवतमाळ अशा दोन्ही अंगांना जाणारी 'शकुंतला' ही आपली आणखी एक नॅरोगेज. पार स्वातंत्र्यानंतरही ती किलिक निक्सन कंपनीच्या मालकीची राहिली. मँचेस्टरचे तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून राबत होते, ते १९९४ साली निवृत्त झाले. आता गाडीच बंद आहे. त्या मार्गावरच्या एका ओसाड स्टेशनापाशी मला गर्दी दिसली. वाटले, चला, कोणीतरी जाणता निघाला! जवळ जाऊन पाहतो तो लग्नाआधीचे फोटो चाललेले. वधू रुळावर, वर रुळावर, फोटोग्राफर पोटावर. शंभर फोटो काढले असतील, पण प्रत्येकात स्टेशन धूसर! मुद्दाम धूसर! मी त्या मुलाला म्हटले, "अरे बाळा, एक फोटो स्टेशनाचा काढ." तो म्हणाला, "काका, मागचं ब्लर केल्याशिवाय फील येत नाही." पन्नास वर्षांपूर्वी मामांनी जे पोटाने केले, तेच हा भिंगाने करत होता. प्रगती म्हणतात ती हीच.

तिसरे भांडण पाडणाऱ्यांशी. इथे मला जपून बोलले पाहिजे, कारण मी विकासाचा शत्रू नाही. नॅरोगेज परत आणा असे मी म्हणत नाही. म्हणणाऱ्याला एकदा मे महिन्यात तिच्या डब्यातून भर दुपारी कुर्डुवाडीहून लातूरला पाठवावे, तो रडत उतरेल. ६ ऑगस्ट २०२३ रोजी अमृत भारत योजनेत देशातल्या ५०८ स्टेशनांच्या कामांची पायाभरणी झाली, त्यात महाराष्ट्रातली ४४ होती. पुढे आणखी झाली. सरकता जिना, लिफ्ट, बरे संडास हे सगळे गुडघेदुखीच्या माणसाला हवेच आहे, आणि तो माणूस मीच आहे. नवी स्टेशने चकचकीत पत्र्याने मढवतात आणि ती साड्यांच्या शोरूमसारखी दिसतात, ही माझी तक्रारही मी गिळायला तयार आहे. वेळ पडली तर स्टेशनातच साडी घेऊ.

माझे म्हणणे एवढेच. हातोडा मारण्याआधी एक दिवस द्या. समोरून एक, मागून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, तिकिटाच्या खिडकीचा, पडवीचा, काट्याचा, घंटेचा, पाटीचा, मास्तरांच्या क्वार्टरचा असे डझनभर फोटो काढा. कोणत्या साली बांधले, कोणत्या साली पाडले, एवढे खाली लिहा. आणि नव्या स्टेशनात जिथे 'येथे थुंकू नये' लिहायचे आहे, त्याच्या शेजारी ते लावा. खर्च? उद्घाटनाला जेवढ्या पैशांचा झेंडू येतो त्याच्या आत बसेल, आणि फोटो दुसऱ्या दिवशी सुकणार नाहीत. आपल्याकडे जुने इंजिन रंगवून चौथऱ्यावर चढवतात, त्याला कुंपण घालतात, मुले त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. चांगली गोष्ट. पण हे म्हणजे वाड्यातला बैल म्युझियमात ठेवून वाडा विकण्यासारखे झाले. इंजिन सगळ्या गावांचे असते हो, स्टेशन एकाच गावाचे.

"पण ऐतिहासिक असं काय घडलंय तिथे?" असे एका अधिकाऱ्याने मला विचारले. मी म्हटले, साहेब, मिरजेसारखे तिन्ही रुंदीचे रूळ पाहिलेले स्टेशन सगळ्यांच्या नशिबी नसते. आमच्या स्टेशनात काही घडले नाही. गव्हर्नर उतरला नाही, कट शिजला नाही. शंभर वर्षे लोक आले आणि गेले. आषाढीला पंढरपूरला गेले, कापूस विकायला बार्शीला गेले, दुष्काळात मुंबईला गेले आणि त्यातले पुष्कळ परत आले नाहीत. त्यांना निरोप द्यायला घरचे जिथवर आले, ती जागा ती. दुसरीकडे कुठे याची नोंद आहे, ते दाखवा. साहेब फाइल बघू लागले.

म्हणून हल्ली मीच फिरतो. पुतण्याने जाताना त्याचा जुना कॅमेरा मला दिला. महिन्यातून दोनदा पहाटेची गाडी पकडतो आणि कुठल्या तरी छोट्या स्टेशनावर उतरतो. सौभाग्यवती डबा देतात आणि "डेपोवर चाललेत" असे शेजाऱ्यांना सांगतात. मागल्या महिन्यात असाच उतरलो. प्लॅटफॉर्मवर मी, दोन शेळ्या आणि मास्तर. मास्तर वयाने माझ्या मुलाएवढे. लांबून पाहत होते. मग आले.

"काय चाललंय काका?"

"फोटो काढतोय."

"कशाचा?"

"स्टेशनचा."

"परवानगी?"

मी आईची सगळी हकिगत सांगितली. मामा, बादली, भाकरी, सगळे. मास्तरांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "नवीन बिल्डिंगचं माप घेऊन गेलेत परवाच. ही राहायची नाही." थोडा वेळ थांबून त्यांनी पोर्टरला हाक मारली, प्लॅटफॉर्मवरच्या शेळ्या हाकलायला लावल्या, पडवीत वाळत घातलेला टॉवेल काढायला लावला. आत जाऊन स्वतः टोपी घालून आले आणि दाराच्या बरोब्बर मधोमध, पाटीच्या पुढे उभे राहिले.

"मास्तर," मी म्हटले, "जरा डावीकडे सरकता का?"